पांढऱ्या पेशी वाढल्या : घाबरायचे कधी, धावायचे कधी?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आठवडी बाजाराचा दिवस होता आणि दवाखान्यात बसायला जागा नव्हती. साठीच्या घरातले एक शेतकरी जोडपे आणि त्यांचा कॉलेजात शिकणारा पुतण्या आत आले. मावशींना स्तनाचा कॅन्सर झालेला. ऑपरेशन होऊन केमोथेरपीचे तीन डोस पार पडले होते. पुतण्याने मोबाईलवर आलेला रक्ताचा रिपोर्ट माझ्यापुढे धरला. पांढऱ्या पेशी ४६,०००!

काका खालच्या आवाजात म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हिला आता रक्ताचाबी कॅन्सर झालाय म्हनं. पोरानं मोबाईलवर वाचलं. आमी ठरवलंय, आता फुडचा डोस न्हाई द्यायचा. लई सोसलं तिनं."

मी मावशींना विचारले, ताप येतो का? नाही. खोकला, लघवीची जळजळ, जखमेतून पू? काहीच नाही. मग विचारले, "पोटावर इंजेक्शनं घेतली का?" त्या म्हणाल्या, "पाच दिस रोज एक. कालच संपली. तवापास्नं कंबर नुसती ठणकतीया."

फाईल उघडली. फिलग्रास्टिमची पाच इंजेक्शने लिहिलेली होती. हे औषध पांढऱ्या पेशी वाढवण्यासाठीच देतात. औषधाने आपले काम चोख केले होते आणि घरचे लोक त्यालाच नवा आजार समजून उपचार बंद करायला निघाले होते. मी त्यांच्या कॅन्सरतज्ज्ञांना फोन करून खात्री करून घेतली. सहा दिवसांनी पुन्हा तपासणी केली तेव्हा पेशी ९,२०० झाल्या होत्या. चौथा डोस ठरलेल्या तारखेला झाला.

एका आकड्यापायी चालू उपचार सुटणार होता. असे प्रसंग वरचेवर येऊ लागले आहेत, कारण आता रिपोर्ट डॉक्टरांच्या आधी घरच्यांच्या हातात पडतो. म्हणून या आठवड्यात हा विषय घेतला आहे.

पांढऱ्या पेशी कोणत्या?

डेंग्यूच्या साथीत "पेशी कमी झाल्या" असे आपण ऐकतो, त्या पेशी म्हणजे प्लेटलेट. त्यांचे काम रक्त गोठवण्याचे. आज आपण बोलतो आहोत ते पांढऱ्या पेशींविषयी. यांचे काम शरीराच्या राखणीचे. दोन्हींची गल्लत करू नये.

प्रौढ माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात साधारण ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. काही लॅबोरेटऱ्या हाच आकडा हजारात छापतात. तिथे ९.२ लिहिले असेल तर ते ९,२०० समजावे. गरोदरपणी आणि नवजात बाळात हा आकडा एरवीही जास्त असतो.

या पेशींचे पाच प्रकार आहेत. न्यूट्रोफिल सर्वांत जास्त, साधारण ४० ते ७५ टक्के. जंतू दिसले की पहिल्यांदा हे धावतात आणि पू बनतो तो मुख्यतः यांच्याच मृत पेशींचा. लिम्फोसाइट २० ते ४० टक्के. मोनोसाइट, इओसिनोफिल आणि बेसोफिल हे थोडे थोडे. रिपोर्टात 'टीसी' म्हणजे एकूण संख्या आणि 'डीसी' म्हणजे ही प्रकारवार विभागणी. नुसता टीसी पाहून निष्कर्ष काढणे म्हणजे गावाची लोकसंख्या ऐकून गावात लहान मुले किती ते सांगण्यासारखे आहे.

या पेशी हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत तयार होतात. निरोगी माणसात रोज सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल तयार होतात आणि रक्तात ते जेमतेम काही तास ते एक दिवस राहतात. शिवाय रक्तवाहिन्यांत असलेल्या न्यूट्रोफिलपैकी जवळजवळ निम्मे वाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेले असतात, एखाद्या राखीव पोलीस दलासारखे. ते मोजणीत येत नाहीत. हे लक्षात ठेवले म्हणजे आकडा एका दिवसात इतका वरखाली कसा होतो ते समजेल.

कॅन्सरच्या रुग्णात पेशी का वाढतात?

आकडा ११,००० च्या वर गेला की पेशी वाढल्या असे आम्ही म्हणतो. कॅन्सरच्या रुग्णात त्याची मुख्य कारणे सहा.

१) पेशी वाढवणारे इंजेक्शन. केमोथेरपी कॅन्सरच्या पेशींबरोबर अस्थिमज्जेतील वाढत्या पेशींनाही मारते. त्यामुळे पांढऱ्या पेशी घटतात. त्या लवकर भरून याव्यात म्हणून फिलग्रास्टिम किंवा जास्त दिवस टिकणारे पेगफिलग्रास्टिम देतात. फिलग्रास्टिमला अमेरिकेत १९९१ साली मान्यता मिळाली. या इंजेक्शनांमुळे पेशी वीस, तीस, कधी पन्नास हजारांपर्यंतही जातात. मज्जा जोरात कामाला लागल्याने कंबर, मांड्या, छातीचे हाड दुखते. फिलग्रास्टिम थांबवल्यावर एक-दोन दिवसांत न्यूट्रोफिल निम्म्यावर येतात आणि साधारण आठवड्यात पूर्वपदावर येतात. मात्र डाव्या बरगडीखाली किंवा डाव्या खांद्यात जोराची कळ आली, अथवा दम लागला, तर 'इंजेक्शनामुळे दुखते' असे म्हणून घरी बसू नये. क्वचित पाणथरीला इजा होते किंवा फुप्फुसावर परिणाम होतो.

२) स्टेरॉईड. उलटी थांबवण्यासाठी, मेंदूची सूज उतरवण्यासाठी किंवा उपचाराचाच भाग म्हणून डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन ही औषधे देतात. भिंतीला चिकटलेले राखीव न्यूट्रोफिल या औषधाने सुटून रक्तप्रवाहात येतात आणि काही तासांतच आकडा वाढतो. लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल मात्र कमी होतात. हीच या वाढीची खूण.

३) जंतुसंसर्ग. हे कारण सर्वांत महत्त्वाचे, कारण इथे वेळ दवडून चालत नाही. फुप्फुस, लघवीचा मार्ग, तोंडातले फोड, गुदद्वाराजवळची जखम, केमोसाठी शिरेत बसवलेली नळी किंवा पोर्ट, यांपैकी कुठेही जंतू शिरू शकतात. गाठीने श्वासनलिका किंवा पित्तनलिका अडली की तिच्या मागे पू साचतो. रक्तात कोवळे न्यूट्रोफिल जास्त दिसू लागले की संसर्गाचा संशय बळावतो. म्हाताऱ्या माणसाला आणि स्टेरॉईड घेणाऱ्याला ताप येईलच असे नाही. तेव्हा थंडी वाजणे, अचानक गळून जाणे, बरळणे, लघवी कमी होणे यांकडे लक्ष ठेवावे.

४) कॅन्सरची गाठ स्वतःच. काही गाठी, विशेषतः फुप्फुसाच्या, पण मूत्राशयाच्या, जठराच्या आणि इतरही, पेशी वाढवणारे द्रव्य स्वतःच तयार करतात. जे काम इंजेक्शन करते तेच काम गाठ करते. १९७७ साली जपानी डॉक्टरांनी फुप्फुसाच्या कॅन्सरच्या गाठीत असे द्रव्य दाखवून दिले होते. अशा रुग्णाला ताप नसतो, कल्चरमध्ये जंतू सापडत नाहीत आणि अँटिबायोटिकने आकडा हलत नाही. गाठीवर उपचार लागू पडला की तो उतरतो आणि गाठ पुन्हा वाढली की चढतो. असा प्रकार बहुधा वेगाने वाढणाऱ्या कॅन्सरमध्ये दिसतो, म्हणून तज्ज्ञ याकडे गांभीर्याने पाहतात. पण हे निदान बाकीची कारणे तपासून वगळल्यावरच करायचे असते.

५) अस्थिमज्जेत पसरलेला कॅन्सर. स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस यांचे कॅन्सर हाडात पसरले की मज्जेत दाटी होते आणि कोवळ्या पेशी वेळेआधीच रक्तात ढकलल्या जातात. त्याबरोबर तांबड्या पेशींची पिल्लेही बाहेर येतात. मोजणीचे यंत्र कधी कधी त्यांनाच पांढऱ्या पेशी समजून मोजते आणि आकडा खोटाच फुगतो. म्हणून काचपट्टीवर रक्ताचा थर देऊन सूक्ष्मदर्शकाखाली माणसाच्या डोळ्यांनी पाहणे आजही आवश्यक आहे. यालाच आपण स्मिअर म्हणतो.

६) रक्ताचाच कॅन्सर. ल्युकेमिया या शब्दाचा अर्थच 'पांढरे रक्त'. जर्मनीतील रुडॉल्फ विर्शो यांनी १८४५ साली अशा रुग्णाचे वर्णन केले आणि पुढे हे नाव दिले. यात वाढलेल्या पेशी राखण करणाऱ्या नसतात, त्याच आजारी असतात. दुसऱ्या कॅन्सरवर काही विशिष्ट केमो किंवा रेडिएशन घेतलेल्या फार थोड्या रुग्णांना पुढे काही वर्षांनी रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो. पण तिसऱ्या डोसनंतरच्या आठवड्यात पेशी वाढलेल्या दिसल्या म्हणजे तो झाला, असे मुळीच नाही.

याखेरीज मोठे ऑपरेशन, रक्तस्राव, पाणथरी काढलेली असणे, विडी-सिगारेट यांनीही आकडा थोडा चढतो. संसर्गामुळे, औषधाने किंवा गाठीमुळे आकडा ५०,००० च्या वर गेला की चित्र रक्ताच्या कॅन्सरसारखेच दिसते. अशा वेळी स्मिअर आणि जरूर तर जनुकीय तपासणी करून फरक ठरवावा लागतो.

माझी एक चूक

हा फरक मी पुस्तकात वाचला होता, पण शिकलो एका रुग्णाकडून. १९९६ साल होते. प्रॅक्टिस सुरू करून मला तीनच वर्षे झाली होती. पंचेचाळिशीतले एक एसटी ड्रायव्हर आले. थकवा, वजन उतरलेले, जेवताना दोन घासांत पोट भरल्यासारखे होई. रक्त तपासले तर पेशी ४२,०००. कुठेतरी पू साचला असेल असे धरून मी अँटिबायोटिक दिले. आठवड्याने आकडा तसाच, म्हणून औषध बदलले. अशी तीन आठवडे गेली.

चौथ्या आठवड्यात त्यांना टेबलावर झोपवून पोट नीट तपासले, तेव्हा पाणथरी बेंबीपर्यंत हाताला लागली. मग जुना रिपोर्ट पुन्हा काढला. आमच्या गावच्या लॅबोरेटरीतल्या तंत्रज्ञाने खाली बारीक अक्षरात लिहिले होते, 'अपरिपक्व पेशी दिसतात, तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा'. मी वरचा आकडा वाचला होता, खालची ओळ वाचलीच नव्हती. मुंबईला पाठवल्यावर क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचे निदान झाले. चार वर्षे हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्यांवर काढून २००० साली ते गेले. माझ्या तीन आठवड्यांनी त्यांचे आयुष्य कमी झाले नसेल, असे त्यांच्या मुंबईच्या डॉक्टरांनी मला सांगितले. तरीही तेव्हापासून पेशी वाढलेल्या रुग्णाच्या पोटाला हात लावल्याशिवाय मी चिठ्ठी लिहीत नाही.

याच आजाराचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. या आजारातला गुणसूत्रातला दोष अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात १९६० साली सापडला होता. १९७३ साली डॉ. जॅनेट रॉली यांनी दाखवले की ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदलले जातात. त्यातून निर्माण होणाऱ्या दोषावर नेमका घाव घालणारी इमॅटिनिबची गोळी २००१ साली अमेरिकेत मान्य झाली. मूळ कंपनीच्या गोळीचा खर्च तेव्हा महिन्याला लाखाच्या वर सांगितला जाई. १ एप्रिल २०१३ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने या औषधाच्या पेटंटची मागणी फेटाळली आणि भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांचा मार्ग मोकळा राहिला. माझा एक रुग्ण, तोही ड्रायव्हरच, अकरा वर्षे ही गोळी घेतो आहे आणि रोज गाडी चालवतो आहे. म्हणून 'रक्ताचा कॅन्सर' हे शब्द खरे ठरले तरी हातपाय गाळण्याचे कारण नाही. कोणता प्रकार आहे ते आधी कळू द्यावे.

आकडा लाखावर गेला तर

संख्या एक लाखाच्या वर गेली, आणि त्यातही तीव्र प्रकारचा रक्ताचा कॅन्सर असला, तर मोठ्या आकाराच्या कच्च्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. धाप लागते, डोके दुखते, अंधुक दिसते, गुंगी येते. ही तातडीची अवस्था आहे. रुग्णाला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे. अशा रुग्णाचे हिमोग्लोबिन कमी दिसले म्हणून घाईने बाटल्याच्या बाटल्या रक्त चढवणे धोक्याचे असते, कारण रक्त आणखी दाट होते. तो निर्णय तज्ज्ञांनीच घ्यावा. याउलट, म्हातारपणी होणाऱ्या सावकाश प्रकारच्या लिम्फोसाइटच्या ल्युकेमियात आकडा लाखाच्या वर असूनही माणूस शेतावर जाऊन येतो. त्यांतल्या काहींना वर्षानुवर्षे औषधही लागत नाही, नुसती देखरेख पुरते.

खरी धाव इथे घ्या

आता सर्वांत महत्त्वाचे. केमो घेणाऱ्या रुग्णाच्या जिवाला वाढलेल्या पेशींपेक्षा घटलेल्या पेशींचा धोका बहुतेक वेळा जास्त असतो. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पेशी तळाला जातात. त्या काळात लढायला न्यूट्रोफिलच नसतात, त्यामुळे पू होत नाही, सूज दिसत नाही, खोकल्यात बेडका पडत नाही. ताप ही एकच खूण उरते.

हिशेब सोपा आहे. एकूण पेशींना न्यूट्रोफिलच्या टक्क्यांनी गुणून १०० ने भागावे. पेशी १,२०० आणि न्यूट्रोफिल २० टक्के असतील तर खरे न्यूट्रोफिल २४०. हा आकडा ५०० च्या खाली गेला आणि ताप आला, की रात्रीचे दोन वाजलेले असोत, रुग्णालय गाठावे. तिथे पोचल्यावर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावे असा नियम आहे. रक्ताच्या रिपोर्टाची वाटही पाहू नये. केमोच्या रुग्णाला १००.४ फॅरनहाइट ताप म्हणजे निघण्याची वेळ.

लोक करतात काय? ४६,००० आकडा पाहून झोप उडते आणि १०१ ताप आला तर "पावसात भिजल्यामुळे असेल" म्हणून पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहतात. हे उलटे झाले पाहिजे.

घरच्यांनी काय करावे?

१) एक वही करावी. केमोची तारीख, इंजेक्शनांची नावे व तारखा, स्टेरॉईडचे दिवस आणि प्रत्येक रिपोर्टातील पेशी त्यात लिहाव्यात. आकडा या तारखांशेजारी ठेवून वाचला तरच त्याचा अर्थ लागतो.

२) घरात थर्मामीटर असावे. तापाची गोळी देण्याआधी ताप मोजून वेळेसह लिहावा. आधी गोळी दिली तर खूणच पुसली जाते.

३) रिपोर्टाची खालची ओळ वाचावी. 'अपरिपक्व पेशी', 'ब्लास्ट' असे शब्द दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

४) आकडा वाढला म्हणून दुकानातून अँटिबायोटिक आणू नये, आणि चालू औषध किंवा पुढचा डोस स्वतःच्या मनाने थांबवू नये. पेशी वाढवणारे इंजेक्शनही मनाने जास्तीचे घेऊ नये. केमो दिल्यानंतर २४ तासांच्या आत ते देत नाहीत.

५) पेशी उतरवणारा काढा, पाला, फळ असे काही नाही. जास्त पेशी हा स्वतंत्र आजार नसून ती खूण आहे. उपचार कारणावर करायचा असतो.

६) एका पायाला सूज आली किंवा अचानक धाप लागली तर लगेच दाखवावे. केमोच्या आधीच पेशी ११,००० च्या वर असलेल्या रुग्णांत शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका काहीसा जास्त असतो.

डॉक्टरांकडे गेल्यावर तीन प्रश्न विचारावेत. कोणत्या प्रकारच्या पेशी वाढल्या? गेल्या दोन आठवड्यांत दिलेल्या औषधाने हे झाले असेल का? पुन्हा तपासणी कधी करायची? हे प्रश्न विचारल्याचा कोणत्याही डॉक्टरला राग येऊ नये. आलाच तर दुसऱ्यांदा विचारावेत.

त्या मावशींचे ठरलेले सगळे डोस पूर्ण झाले. परवा बाजाराच्या दिवशी त्या आल्या, केस पुन्हा उगवू लागले आहेत. पुतण्याने वही ठेवली आहे, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकाही तारखेचा आकडा चुकलेला नाही. येताना त्यांनी मेथीची जुडी आणली होती. मी ती घेतली आणि पुढची तपासणी कधी आहे ते वहीत बघायला सांगितले.